आधी पाणी

"पाणी किती?" अण्णांनी विचारलं.

मी थर्मामीटरला नाक लावून उभी होते. पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट दोनवर येऊन बसला होता, चांगला ठाण मांडून. वाफेनं तोंड ओलं झालं होतं. मागे वायनरीचे केमिस्ट फाटक वही उघडून उभे. दाराशी वायनरीचे मालक पुंजाराम गटकळ, सगळे त्यांना आप्पा म्हणत, जीपच्या किल्ल्या खुळखुळवत होते. त्या किल्ल्यांचा असा राग आला होता मला! माझा नवरा रमाकांत खिडकीतून द्राक्षबागेकडे बघत होता, म्हणजे बघत नव्हताच.

"मंदा, पाणी किती?"

पण थांबा. मी ही अशीच, मला एका जागी बसवत नाही आणि गोष्टही एका जागेवरून सांगवत नाही. हे पाणी कसलं, ते आधी सांगते.

माझं माहेर सिन्नरचं. बी.एस्सी. केमिस्ट्री करून मी तिथल्या डेअरीत दूध तपासायला होते. लग्न होऊन आले ती नाशकात, तांबट आळीत, वडनेऱ्यांच्या घरात. सासरे त्र्यंबक वडनेरे, म्हणजे अण्णा. जन्मभर त्यांनी बंब ठोकले, आंघोळीचं पाणी तापवायचे तांब्याचे बंब. मी आले तोवर घरोघरी गीझर लागले होते. वर्षाकाठी दोन बंब जायचे, तेही कुणाच्या फार्महाउसवर शोभेला, त्यात झाड लावायला. गिऱ्हाईक गेलं की अण्णा म्हणायचे, "पाणी नाही तापवायचं तर घेतला कशाला मेल्यानं?"

दोन हजार एकच्या आषाढात गटकळ आप्पा एक खेळणं घेऊन दुकानात आले. वीतभर उंचीचं तांब्याचं यंत्र, खाली स्पिरिटचा दिवा, पोटात थर्मामीटर. आप्पांची दिंडोरीकडे द्राक्षबाग होती. तिथंच त्यांनी वाईन काढायला सुरुवात केली होती, आणि वाईनमध्ये मद्य किती टक्के ते सांगणारं हे यंत्र थेट फ्रान्सहून आणलं होतं. ते जोडावर गळत होतं.

"अण्णा, मुंबईवाले म्हणत्यात फ्रान्सला पाठवा. तुमच्याच्यानं व्हतंय का बघा बरं."

अण्णांनी अर्ध्या तासात गळती बंद केली. पण यंत्र परत देईनात. मांडीवर घेऊन उलटंपालटं करत बसले. आप्पा चहा पिऊन आले, पान खाऊन आले, तरी आपले बसलेलेच.

"मंदा, हा तर बंबच आहे गं," ते म्हणाले. "बाहुलीचा."

"मग आपण करू ना, अण्णा!"

हे वाक्य माझं. पुढे जे काही झालं ते या वाक्यापायी झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

यंत्राचं गणित सोपं आहे. वाईन पाण्याच्या आधी उकळते, कारण तिच्यात मद्य असतं. मद्य जितकं जास्त, तितकी उकळी लवकर. दोन उकळ्यांमधला फरक यंत्रासोबतच्या सरकत्या पट्टीवर बघायचा, की टक्के हातात. पण पाण्याची उकळीसुद्धा रोज तीच नसते. हवेचा दाब बदलतो तशी ती खालीवर होते. म्हणून रोज वाईनला हात लावायच्या आधी नुसतं पाणी उकळायचं आणि आजचं पाणी कितीवर उकळलं ते धरून पट्टी लावायची. मी हे अण्णांना चांगलं तासभर समजावलं.

"म्हणजे आधी पाणी," ते म्हणाले. "एवढंच ना? मग तास कशाला घेतलास?"

तेव्हापासून आमच्या घरात ते दोन शब्द रुजले. अण्णांनी ठोकलेल्या कच्च्या भांड्यात थर्मामीटर लावून रोज सकाळी आधी पाणी, मग चहा. अण्णांना थर्मामीटरच्या बारीक रेघा दिसत नसत. मी वाचायचं, मोठ्यानं सांगायचं, आणि ते चुन्याच्या भिंतीवर कोळशानं हातभर मोठा आकडा काढायचे. वर महिना लिहायचे. आषाढ, श्रावण, भादवा. अशी भिंत भरत चालली. शेजारचे भिकाकाका दारात उभे राहून म्हणायचे, "त्र्यंबक, पाणी उकळतं हे कळायला किती महिने लागणार रे तुला? सुनेला विचार, ती रोज चहाला उकळते." आळीत तर बोलबाला झाला होता की त्र्यंबक म्हातारपणी दारूच्या नादी लागला.

माघात आमचं पहिलं यंत्र तयार झालं. आतून कल्हई, बाहेरून असा ठोका की बोट फिरवलं तर कुठे अडू नये. थर्मामीटर तेवढा अंबाल्याहून मागवलेला. आप्पा बघून खूश झाले. म्हणाले, "तीन दिवस माझ्या यंत्राशेजारी लावा. शेवटाला जुळलं तर अकरा घेतो. एक माझं, दहा आमच्याकडच्या नव्या वायनरीवाल्यांना."

आणि इकडे रमाकांतच्या हातात चाकणच्या कंपनीचं पत्र. एक मार्चला हजर व्हा. तो वाईट माणूस नाही हो, पण त्याला तांब्याचा कंटाळा आला होता आणि ते तो लपवत नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, "आप्पांचं काम मिळालं तर पत्र फाडतो. नाही मिळालं तर कारखान्याला कुलूप, आणि तिघं चाकणला." तिघं म्हणजे अण्णासुद्धा. चाकणला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अण्णा दिवसभर काय करणार होते? ठोका ऐकू आला नाही तर त्यांना जेवण जात नसे. आणि माझं काय? आठ महिने मी त्या यंत्रात जीव ओतला होता. मला त्या दोन खोल्यांत डबे भरत बसायचं नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, आज बोलते.

पहिल्या दिवशी आमच्या यंत्रानं त्यांची लाल वाईन साडेबारा टक्के दाखवली. त्यांच्यानं बारा. दुसऱ्या दिवशीही तेच, साडेबारा आणि बारा.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी फाटकांना विचारलंही होतं, "तुम्ही पाणी नाही उकळत?"

फाटक हसले. "आजोबा, रोज रोज कशाला? फ्रान्सचे सल्लागार आले होते ना, त्यांनी उकळून आकडा लिहून दिलाय." भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद होता. सत्त्याण्णव पॉइंट नऊ. खाली झोकदार सही.

"पण आजचं पाणी..." अण्णा पुढे काही बोलणार, तेवढ्यात मीच त्यांचा सदरा ओढला. "अण्णा, राहू द्या ना. त्यांना कळतं." मला लाज वाटली होती, दुसरं काही नाही. कोट घातलेला केमिस्ट, काचेची कपाटं, परदेशी सही, आणि आमचे अण्णा धोतरात. माझी बी.एस्सी. कुठं पेंड खायला गेली होती देव जाणे. मला वाटलं, अंबाल्याचा थर्मामीटर खोटा निघाला. आमचंच चुकलं असणार. फ्रान्सचं कसं चुकेल?

"उद्या शेवटचा दिवस," आप्पा म्हणाले. "बघा, काय दुरुस्ती करायची ती करा."

त्या संध्याकाळी मी किती येरझाऱ्या घातल्या त्याला गणती नाही. रमाकांत म्हणाला, "अगं बस की, फरशी झिजेल." तो पत्र घडी करून पाकिटात ठेवत होता. म्हणजे त्याच्या मनानं तो चाकणला पोचलाही होता.

तर असा तो तिसरा दिवस. पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट दोनवर, आणि अण्णा दुसऱ्यांदा विचारतायत, पाणी किती.

"सत्त्याण्णव पॉइंट नऊ," मी म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. जीभसुद्धा अडखळली नाही. अण्णांनी मान डोलावली, मी पट्टी सत्त्याण्णव पॉइंट नऊला लावली, मग पाणी ओतून टाकून वाईन भरली. उकळली. बारा टक्के. शेजारी फाटकांच्या यंत्रावर बारा टक्के.

"जुळलं की!" आप्पांनी किल्ल्या खिशात टाकल्या आणि अण्णांचे दोन्ही हात धरले. "अण्णा, मानलं तुमाला! आमच्या नाशकाच्या तांब्यानं फ्रान्स गाठलं!" रमाकांत माझ्याकडे बघून इतका मनापासून हसला, की मला वाटलं केलं ते बरंच केलं. वाटेत जीप थांबवून पेढे घेतले. आळीत वाटले. भिकाकाकांनी दोन उचलले आणि म्हणाले, "पाणी उकळलं म्हणायचं एकदाचं!"

अण्णांनी पेढा देवापुढे ठेवला. खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात आले तर अण्णा भिंतीपाशी उभे. आकड्यांवरून बोट फिरवत होते, कोळशाची काळी रेघ बोटाला लागली होती.

"मंदा, इकडे ये. माघ वाच."

"अठ्ठ्याण्णव एक, अठ्ठ्याण्णव दोन, दोन, तीन, दोन..." मी वाचत गेले.

"अख्ख्या माघात अठ्ठ्याण्णवच्या खाली आलंय कुठे?"

"नाही."

"काल आभाळ होतं?"

"नाही, अण्णा."

"मग दिंडोरीला काल सत्त्याण्णव नऊ कसं आलं?"

त्यांनी मला धारेवर धरलं असतं तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण ते माझ्याकडे बघतही नव्हते. ते भिंतीच्या पार डाव्या टोकाला गेले, जिथं आषाढ होता. "आता हे वाच."

सत्त्याण्णव नऊ. सत्त्याण्णव आठ. सत्त्याण्णव नऊ. सत्त्याण्णव नऊ.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फ्रान्सचे सल्लागार आले असणार आषाढात, पावसापाण्याचे. त्यांनी त्या दिवशीचं पाणी लिहून दिलं, बरोबर लिहून दिलं. आणि फाटक माघातली वाईन आषाढाच्या पाण्यानं मोजत होते! वाईन साडेबाराच होती. आमचं यंत्र तिन्ही दिवस खरं होतं. तिसऱ्या दिवशी खोटं होतं ते माझं तोंड.

"अण्णा..." मी मटकन खाली बसले.

"ऊठ," ते म्हणाले. "लुगडं बदल, दिंडोरीला जायचंय."

रमाकांतला कळलं तेव्हा तो आधी माझ्यावर ओरडला आणि मग अण्णांवर. "हातात आलेलं काम घालवायला निघालात? सत्त्याण्णव नऊ काय नि अठ्ठ्याण्णव दोन काय, फरक काय पडतो? त्यांना सांगा, पाणी रोज उकळत जा, म्हणजे आपोआप सरळ होईल. कालचं कशाला उकरायचं?"

खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. मी अण्णांकडे आशेनं बघितलं.

"वाचलं कुणी?" अण्णांनी विचारलं.

"मी."

"मग सांगायचं कुणी?"

एसटीनं गेलो, दोघंच. अण्णांनी यंत्र पंचात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. आप्पा दारातच भेटले. मी खुर्चीवर बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पारा किती होता, मी काय वाचलं, का वाचलं. फाटकांच्या समोर सांगितलं. मग अण्णांच्या सांगण्यावरून फाटकांच्या फ्रेंच यंत्रात नुसतं पाणी उकळलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. मग त्याच यंत्रात वाईन. साडेबारा.

फाटकांनी भिंतीवरचा कागद काढला आणि खिशात घातला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आप्पा मात्र चिडले. त्यांची बारा टक्क्यांची लेबलं छापून आली होती. पण ते लेबलांवर चिडले नव्हते.

"ताई, अण्णांचं यंत्र खरं हाये," ते म्हणाले. "माझं बी खरं हाये. फाटकसायबाची चूक झाली, ती आळसाची. तुमी तर डोळ्यांनी बघून खोटं सांगितलं. आता तुमी लावलेली पट्टी मी दहा लोकान्ला कशी देऊ? उद्या ते इचारतील, पाणी कोणी वाचलं, तं मी काय सांगू?"

अण्णांनी यंत्र पुन्हा पंचात गुंडाळलं. आप्पांनी अकरातलं एकही घेतलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी रडले. बाया बघत होत्या, बघू देत म्हटलं. "अण्णा, काहीतरी बोला ना. शिव्या द्या मला."

"तिकडे ऊन लागतंय तुला," ते म्हणाले. "या बाजूला बस."

एक मार्चला रमाकांत एकटाच चाकणला गेला. अण्णा जाणार नाही म्हणाले, आणि अण्णांना सोडून मी कुठे जाणार? तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णा मेन रोडवरून एक पिशवी घेऊन आले. पिशवीत दोन पाट्या, शाळेतल्या, लाकडी चौकटीच्या, आणि दोन पेन्सिली. आणि बोटभर जाडीचं एक भिंग.

"उद्यापासून तू वाचायचं आणि तुझ्या पाटीवर लिहायचं," ते म्हणाले. "मग मी भिंगानं वाचणार आणि माझ्या पाटीवर लिहिणार. पाठीला पाठ लावून. मग तू मोठ्यानं वाचून दाखवायचं, शाळेसारखं. जुळलं तरच आकडा भिंतीवर."

त्यापेक्षा मुस्कटात मारली असती तरी चाललं असतं. बी.एस्सी. झालेली बाई, आणि तिच्यावर पहारा! पण बोलायला तोंड होतं कुठं? दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उकळलं. मी वाचलं, पाटीवर लिहिलं. मग अण्णा भिंग घेऊन वाकले, बराच वेळ वाकून राहिले, आणि माझ्याकडे पाठ करून बसले. आळीत चहूकडून ठोके पडत असतात, पाटीवरच्या पेन्सिलीचा आवाज कोण ऐकणार? "वाच," ते म्हणाले. मी वाचलं. ते आपल्या पाटीकडे बघून म्हणाले, "जुळलं." आणि ओल्या फडक्यानं त्यांनी आपली पाटी पुसली.

असं रोज. दिवाळीला, संक्रांतीला, मला ताप असताना. मी एकदा वाचून थांबत नसे, तीनतीनदा वाचायची. म्हाताऱ्याच्या पाटीवर वेगळं निघालं तर काय, ही धास्ती. एकदाही वेगळं निघालं नाही. तरी ती धास्ती काही गेली नाही, आणि त्या पाटीचा राग तर वाढतच गेला. वर्षं झाली तरी यांचा माझ्यावर विश्वास बसत नाही, असं मनात येऊन मी भांडी आपटायची. रमाकांतला पत्रात लिहायची, तुझे वडील कोतवाल आहेत.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात आप्पा पुन्हा दारात. यंत्राची तोटी तुटली होती. सकाळची वेळ, आम्ही पाठीला पाठ लावून बसलेले. आप्पा थबकले.

"हे काय, शाळा मांडली का अण्णा?"

"दोघांनी वाचल्याशिवाय आकडा चढत नाही आमच्याकडे," अण्णा म्हणाले.

मी माझी पाटी वाचली. अण्णा म्हणाले, जुळलं. आप्पा पायरीवर टेकले, भरलेल्या भिंतीकडे बघत राहिले. आता भिंत संपून आकडे शेजारच्या भिंतीवर गेले होते. मग म्हणाले, "तोटी राहू द्या. तुमचं नवं एक द्या मला." महिनाभरात त्यांच्या ओळखीचे आणखी चौघं आले.

आमच्या कंपनीचा इतिहास कुणी विचारला तर मी इथून सांगते. अंबडला शेड घेतली, रमाकांत चाकण सोडून परत आला, मग आंबटपणा मोजायची काचेची नळकांडी आली, साखर मोजायची यंत्रं आली. आज चाळीस माणसं आहेत. सगळं डिजिटल झालं, तरी रोज सकाळी दोन माणसं पाठीला पाठ लावून पाणी वाचतात. मोठमोठे तपासनीस येतात, आमच्या या पद्धतीवर पानंच्या पानं स्तुती लिहून जातात. मी मान डोलावते आणि चहा मागवते. ती पद्धत कुणापायी सुरू झाली, ते मी त्यांना कशाला सांगू?

पण मला सांगायचंय ते अंबडला जायच्या आधीचं. पाट्या येऊन सहा वर्षं झाली होती. पुन्हा माघ होता. अण्णांचे भिंतीवरचे आकडे वेडेवाकडे व्हायला लागले होते. मला वाटायचं हात थरथरतो. एके दिवशी ते उंबऱ्याला अडखळून पडले, तेव्हा धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली आणि माझ्याकडे वळल्या.

"मोतीबिंदू पार पिकलेत हो. उजवा तर गेल्या चारपाच वर्षांत काही उपयोगाचा नसणार. इतके दिवस आणलं का नाहीत?"

"अहो, पण ते रोज वाचतात," मी म्हणाले. "थर्मामीटर वाचतात. भिंगानं."

त्या हसल्या. "भिंगानं? बाई, यांना भिंग कुठं ठेवलंय ते दिसलं तरी पुष्कळ झालं."

मी अण्णांकडे बघितलं. ते खुर्चीत निवांत बसले होते, ऐकू न आल्यासारखे. कान त्यांचे शेवटपर्यंत तिखट होते.

ऑपरेशनच्या दिवशी चाकणहून आलेला रमाकांत त्यांच्याजवळ थांबला आणि मी सकाळी कारखान्यात गेले. पाणी तर उकळायला हवं. सहा वर्षांत पहिल्यांदा एकटी. वाचलं, माझ्या पाटीवर लिहिलं. माझ्या पाटीची चौकट खिळखिळी झाली होती, दगड घासून घासून पांढुरका पडला होता. मग मी खुंटीवरची अण्णांची पाटी काढली. आजवर मी तिला हात लावला नव्हता, रागानं म्हणा, भीतीनं म्हणा.

काळी कुळकुळीत होती. दुकानातून आणली तशी. तिच्यावर एक रेघ नव्हती, एक ओरखडा नव्हता. कोपऱ्यात मेन रोडच्या दुकानाचं चिकटवलेलं कागदी लेबल तसंच होतं, ओल्या फडक्यानं कडा तेवढ्या सुटलेल्या. त्यांची पेन्सिल खुंटीवरच्या त्याच जुन्या पिशवीत होती, टोकसुद्धा न झिजलेली. मी ती पाटी छातीशी धरून कारखान्याच्या मधोमध उभी राहिले आणि हमसून हमसून रडले. भिकाकाका धावत आले, त्यांना वाटलं अण्णांचं काही बरंवाईट झालं.

दुपारी अण्णांना घरी आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर हिरवं फडकं. खाटेवर बसवलं. मी त्यांची पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चौकटीवरून बोटं फिरवली आणि ओळखली.

"अण्णा, तुमची पाटी कोरी आहे."

"असेल."

"सहा वर्षं तुम्ही काय वाचत होतात?"

"मी कुठं वाचत होतो? वाचत तूच होतीस."

"मग रोज जुळलं, जुळलं म्हणून का सांगायचात? मी तीनतीनदा वाचायचे, अण्णा! मला वाटायचं तुम्ही मला धरणार आहात. मी किती शिव्या दिल्यात तुम्हाला मनात, माहिती आहे?"

"मनातच कशाला? भांडी आपटायचीस, ती ऐकू यायची मला," ते म्हणाले आणि हसले. मग पाटी बाजूला ठेवून त्यांनी उशीला पाठ टेकली. खाली आळीत ठोके चालू होते.

"आज पाणी किती?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन," मी म्हणाले.

"जुळलं," अण्णा म्हणाले.